पायाला बांधायची चिठ्ठी

३ मार्च
पोचले एकदाची! संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीपाशी माझं टेबल. ग्रंथासाठी चाळीस पक्षी जलरंगात रंगवायचे, राहायची खोलीही इथेच. संग्रहपाल म्हातारे आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. चहा त्यांनी स्वतः केला. माझे घारे डोळे त्यांना फार आवडले म्हणे. आईला कळवलं, तुझ्या लेकीने नशीब काढलं.

५ मार्च
पेंढा भरलेल्या पक्ष्याच्या डोळ्यांत नुसता कापूस असतो. मेल्यावर बुबुळांचा रंग लगेच उडतो. म्हणून पायाला चिठ्ठी: तारीख, लांबी, डोळ्यांचा रंग. तिच्यावरून मी डोळा रंगवते, चमकेपुरता कागद कोरा सोडते. काका म्हणाले, रंग शेवटी लिहायचा, पक्षी अजून गरम असताना. हे सांगताना आवाजात जरा जास्तच माया होती.

९ मार्च
आधीची चित्रकार नोव्हेंबरात न सांगता निघून गेली, असं काका सांगतात. मग तिचे ब्रश इथे कसे? असले ब्रश कोणी मागे टाकत नाही. मी तर घराला आग लागली तरी आधी तेच उचलीन. झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारलं, तर त्या बहिऱ्यासारख्या फरशी पुसत राहिल्या.

१२ मार्च
ॲप्रन शिवायला म्हणून काकांनी माझं माप घेतलं. खांदे नाहीत, कंबर नाही. टाळूपासून टाचेपर्यंत, आडवं झोपवून. पाच फूट चार भरलं. मी हसले खरी, पण मनात पाल चुकचुकली.

१४ मार्च
पक्ष्यांच्या कपाटाचा सगळ्यात खालचा खण आज उघडा राहिला होता. आत पक्षी नाही. दोन चिठ्ठ्या. एक नोव्हेंबरची: लांबी पाच फूट एक, डोळे काळेभोर. दुसरी नवी कोरी, दोरा ओवलेली. लांबी पाच फूट चार. तारीख उद्याची. रंगाची जागा रिकामी —
बॅग भरली. फाटकाची किल्ली काकांकडे. सकाळी मावशी आल्या की त्यांच्यासोबतच —

१५ मार्च, सकाळ
खोलीला बाहेरून कडी. मावशींना हाका मारल्या. पावलं थांबली. मग पुढे गेली.
आई, मला फार भीती वाटतेय.

कडी निघाली. काका लाडाने म्हणताहेत, घाबरू नकोस पोरी, फक्त उजेडाकडे बघ. डोळे गच्च मिटलेत, न बघताच लिहितेय. मिटलेच ठेवीन. चिठ्ठीवर रंग त्यांना लिहू द्यायचा नाही, काही झालं तरी — पापणीवर बोट — गार — ते उघड