चौदा नंबरचा शर्ट

४ फेब्रुवारी

टिचकीची शिष्यवृत्ती बंद! आज कागद आला. नात माझी. कॉलेजच्या संघातून फुटबॉल खेळते म्हणून फी माफ होती. आता म्हणे सरावाला येत नाही, तीन आठवडे मैदानाकडे फिरकलीच नाही. असं त्या शिट्टीवाल्या मास्तरनं लिहून दिलंय.

खोटारडा मेला! संघाचे कपडे धुतं कोण? मीच ना? नऊ वर्षं झाली मला कॉलेजच्या धुलाईखोलीत. टिचकीचा चौदा नंबर रोज माझ्या हाताखालून जातो. चिखलानं माखलेला, पाठ घामानं कडक. न खेळता घाम येतो होय?

टिचकी म्हणते, "जाऊ दे ना आजी." जाऊ दे काय? माफी गेली तर ही घरी बसणार. आपल्याच्यानं फी व्हायची नाही.

५ फेब्रुवारी

रागाच्या भरात हॉस्टेलच्या दोन चादरी पिळता पिळता फाडल्या. फाटू देत.

६ फेब्रुवारी

इस्त्रीवाला म्हणतो, "आजी, पाय चालले की फुकट, आणि डोकं चालतं त्यांनी फी भरायची. हा कुठला न्याय?" म्हटलं, तुझं ना डोकं चालत ना पाय, तू कशाला मधे पडतोस? हसला निर्लज्ज.

पण बोलणं टोचलं. पाय धड तोवर कॉलेज, पाय मुरगळला की घरचा रस्ता. म्हाताऱ्या घोड्याला तरी लोक गवत घालतात!

ऑफिसातली चष्मेवाली हळूच म्हणाली, "ती जागा दुसऱ्या मुलीला देणारेत, मास्तरांनीच नाव सुचवलंय." आता कळलं पाणी कुठं मुरतंय! असणार त्याची भाची नाहीतर मेहुणी.

९ फेब्रुवारी

गेले शेवटी. सकाळचा चौदा नंबर न धुता तसाच पिशवीत घातला आणि प्राचार्यांच्या टेबलावर आपटला. कागदांवर चिखल उडाला. म्हटलं, "हुंगा!" साहेब खुर्चीसकट मागे सरकले.

"हा घाम काय मी नळाखाली धरून आणला? पोरगी येत नाही म्हणता, मग हे काय भूत खेळतं?"

मास्तर म्हणाला, "आजी, तो शर्ट—"

"तू शिट्टी फुंक!"

"अहो, ऐकून तर घ्या, तो शर्ट—"

मी ऐकते होय! नऊ वर्षं यांची मळकी धुणी धुतेय. कोण घाम गाळतं आणि कोण बाकावर बसून हवा खातं, मला शिकवतोय! एवढी बोलले की दारात शिपाई गोळा झाले. साहेबांनी कपाळ धरलं. "चालू ठेवा हो तिची. मिटवा एकदाचं." सहीसुद्धा माझ्यासमोर.

जिंकले!

टिचकीला सांगितलं तर तोंड एवढंसं झालं. जेवली नाही. आजकालच्या पोरांना आनंदही धड करता येत नाही.

१० फेब्रुवारी

घसा बसलाय. बसू दे. सत्कारणी लागला.

११ फेब्रुवारी

टिचकी मोरीत नळ सोडून रडत होती. दंडाला धरून बाहेर काढली.

"आजी, मी खरंच जात नव्हते. प्रॅक्टिकल त्याच वेळेला असतं. ते बुडवलं तर शिकू काय?"

मग शर्ट?

हॉस्टेलवरच्या मैत्रिणीच्या अंगात. संघात नाव नाही, अंगावर धड कपडा नाही, तरी रोज मैदानावर. हिनं आपला दिला. जागा तिलाच मिळणार होती. मास्तर तेच सांगत होता.

"आधी बोलायला काय झालं होतं तुला?"

"तू बोलू देतेस कुणाला?"

ती पोर आज सकाळीच ट्रंक घेऊन गावी गेली. फी भरायची मुदत काल संपली.

पत्ता घेतलाय. उद्या टिचकीला घेऊन आधी ऑफिस, मग तिचं गाव. ऑफिसात काय बोलायचं ते ठाऊक आहे. तिच्या दारात काय बोलायचं, ते सुचत नाही. मला!