कोऱ्या गोळीचा तपास

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात, कंबर सध्या वाकत नाही. कारण पुढे येतंच.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींना निवृत्तीनंतर करमतं का? इकडे सगळं ठीक आहे, असं महिन्यापूर्वीपर्यंत मीही समजत होतो.

आमच्या कॉलनीच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात मी रसायनतज्ज्ञ आहे, हे तुला ठाऊक आहेच. (केंद्र म्हणजे चार टाक्या, एक पंप आणि मी.) एकशे चाळीस घरांच्या मोऱ्यांचं, न्हाणीघरांचं आणि नाव न घेण्यासारख्या खोल्यांचं पाणी आमच्याकडे येतं. साबण, तेल, खरकटं हे सगळं टाकीतले जिवाणू बिनतक्रार खातात. इतके समाधानी रहिवासी कॉलनीत दुसरे नाहीत. पण औषधांना ते तोंड लावत नाहीत. माणसाने घेतलेली गोळी माणसातून आणि टाकीतून पार होऊन थेट बागेच्या नळाला येते. (म्हणूनच आपली झाडं इतकी शांत दिसतात, असं मी एकदा गमतीने म्हणालो. सचिवांनी ते इतिवृत्तात घेतलं.)

महिन्यापूर्वी पाण्याचे नमुने बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवले, तर रक्तदाबाच्या एका औषधाचं प्रमाण अवाच्या सवा निघालं. त्यातही मेख अशी की, पोटातून आलेली गोळी थोडीफार रूप बदलून येते. ही मात्र अगदी कोरी! म्हणजे कोणीतरी ती तोंडात घालण्याऐवजी सरळ गटारात सोडत होतं.

मी अहवाल सभेपुढे ठेवला. अध्यक्षांनी तो चष्मा लावून वाचला, मग चष्मा काढून वाचला, आणि विचारलं, "हे पाण्यातून काढता येत नसेल, तर अहवालातून काढता येईल का?" मी कोणालाच काही विचारलं नव्हतं, तरी बारा जणांनी उठून आपला रक्तदाब उत्तम असल्याचं निक्षून सांगितलं, आणि सांगता सांगता तो चढला. शेवटी औषध शोषून घेणारी कोळशाची टाकी बसवायचं ठरलं. तेवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण मला स्फुरण चढलं, आणि असा बेजबाबदार माणूस ज्या घरात सापडेल त्या घराचा नंबर फाटकाजवळच्या फलकावर लिहावा, असं मी जोरदार भाषण केलं. (टाळ्या पडल्या. ठराव एकमताने मंजूर.)

मग तपास. रोज सकाळी साडेसातला मी चेंबरची झाकणं उघडायचो आणि काठीला बांधलेल्या डावाने नमुना काढून त्याच प्रयोगशाळेत पाठवायचो. जिथे दोन पाइप मिळतात तिथे कोणत्या बाजूने औषध येतंय ते बघायचं, आणि तो पाइप धरून पुढे सरकायचं. गॅलरीतून लोक विचारायचे, "काही पडलं का हो?" तीन आठवड्यांनी मी शेवटच्या चेंबरपाशी पोचलो. त्यात तीनच घरांचं पाणी येत होतं. पहिलं वर्षभर बंद. दुसऱ्यात नवीन लग्न झालेलं जोडपं, दोघंही पंचविशीतली. तिसरं आमचं.

ताई, ते लोखंडी झाकण हातात धरून मी तसाच ओणवा राहिलो. कमरेत चमक भरली ती तेव्हाच.

घरी आलो तर अप्पा बेसिनपाशी. तळहातावर दोन गोळ्या. पाइप तुंबू नये म्हणून आधी कुस्करत होते, मग नळ सोडत होते. मी उभ्या उभ्या पंधरा मिनिटं बोललो. जलप्रदूषण, नागरिकाचं कर्तव्य, माझी अब्रू, सगळं. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"डॉक्टरांनी एकाच्या दोन केल्यापासून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते," ते म्हणाले. "मध्यंतरी न्हाणीघरात पडलो. म्हणून दोन्ही सोडल्या."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू भाषण केलं असतंस."

त्यांच्या कोपराला पडल्याचा हा एवढा व्रण होता. टाकीभर पाण्यातलं कणभर औषध हुडकणारा मी, आणि रोज समोर बसून जेवणाऱ्या बापाचा हात मला दिसला नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. ते आधी माझ्यावर खेकसले, मग गोळी बदलली. आता अंधारी येत नाही. फलकावर आमचा नंबर लागला आहे. माझं अक्षर बरं म्हणून मलाच लिहायला लावला. अप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला तो अभिमानाने दाखवतात.

तुझा धाकटा,
कमरेत पट्टा बांधलेला भाऊ

ता. क. अप्पांना तुझी फार आठवण येते. या रविवारी येच. भावोजींना घेऊनच ये.

ता. क. २. खरं सांगायचं तर भावोजी जास्त गरजेचे आहेत. रविवारी कोळशाच्या टाकीचं उद्घाटन आहे, आणि तिच्यातून निघालेलं पाणी प्रमुख पाहुण्यांनी सर्वांसमोर पेलाभर प्यायचं असं ठरलंय. अध्यक्षांना नेमकं परगावी जायचंय. सचिवांना म्हणे तहानच लागत नाही. मधली खुर्ची आणि माइक म्हटलं की भावोजी नाही म्हणत नाहीत. पेल्याचं ते खुर्चीत बसल्यावर सांगू.

ता. क. ३. पाणी उत्तम आहे, शंका नको. मी स्वतःच प्यायलो असतो. पण ज्याने शुद्ध केलं त्यानेच पिणं निःपक्षपाती दिसत नाही.