पाव्हण्यांचा काढा

दादा, आज सकाळी स्टेशनच्या बाकावर तुमच्या ह्या पोराला त्याच्या आईचाच काढा प्यायला सांगितला. सांगणारा माणूस माझ्यापेक्षा लहान, चिकलठाण्याच्या कंपनीतून नुकताच रिटायर झालेला. ओवा, सुंठ, ज्येष्ठमध, थोडी बडीशेप आणि पाणी निम्मं होईपर्यंत आटवायचं, असं त्यानं बोटांवर मोजत सांगितलं. वर म्हणाला, "सर, लई जुना नुस्खा हाय. एका पाव्हण्याला घास उतरत नव्हता, ह्या काढ्यानं ठणठणीत होऊन गावाकडं गेला म्हन्तेत." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. त्या पाव्हण्याचं खरं काय झालं, हे तिथं मला एकट्यालाच माहीत होतं.

कंपनीतून मोकळे झाल्यावर तुम्हाला घरात करमेना, तेव्हापासूनचा हा बाक. मुकुंदवाडीचं स्टेशन तेव्हाही एवढंसंच. सकाळची पॅसेंजर गेली की फलाट रिकामा व्हायचा आणि कडुलिंबाखाली तुमची मंडळी जमायची. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की मी तुम्हाला जेवायला बोलवायला यायचो आणि तिथंच बसून राहायचो, कारण एवढं हसायला मला दुसरीकडं कुठं मिळत नव्हतं. बाकाचा नियम एकच होता: आपलं दुखणं आपल्या नावावर सांगायचं नाही. दुखायचं ते पाव्हण्याचं. तुमचे ते शेतीवाले काका मला आत्ताही दिसतात. मांडी घालून बसलेत आणि सांगताहेत, "आमच्या पाव्हण्याच्या गुडघ्याला कुणीतरी पत्ताकोबीचं पान बांधाया सांगितलं. बांधलं. तवापासून गल्लीतली शेळी पाव्हण्याच्या मागं मागं." शिंपीकाम करणारे चाचा गंभीर चेहऱ्यानं विचारतात, "मगर गुडघा कैसा है?" काका म्हणतात, "गुडघा हाय तसाच हाय, पर पाव्हणा आता पळाया लागला." सगळे हसतात, आणि हसता हसता काका हळूच स्वतःचा गुडघा दाबतात. चुकून कुणी "माझा गुडघा" म्हणालाच, तर त्याला बाकावरून उठवायचे आणि नुस्खा मिळायचा नाही. असं का, म्हणून मी एकदा घरी येताना तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "आपलं सांगितलं की लोकं तोंड पाडत्यात रे. पाव्हण्याचं सांगितलं की विलाज तरी सांगत्यात."

त्याच उन्हाळ्यात तुमच्या पाव्हण्याला घास उतरेना झाला. तुम्ही तो किस्सा उभं राहून, हातवारे करून सांगितलात. "पाव्हणा म्हन्तो, गळ्यात जकात नाका बसलाय. भाकरीचा तुकडा आला की आडवा बांबू. झडती घेत्यात, पावती मागत्यात, मगच खाली सोडत्यात. चहा तेवढा वळखीचा हाय, त्याला कुणी आडवत नाय." चाचांच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून. मीही पोट धरून हसलो. कुणी मध सांगितला, कुणी तूप, आणि काढ्याचं नाव निघालं तसं तुम्ही म्हणालात की काढा आमच्या घरी चांगला होतो. घरी येऊन तुम्ही आईला सांगितलंत, चाचांकडं एक पाव्हणे आलेत, त्यांना घास उतरत नाही. आईचा मोठा भाऊ गळ्यातल्या गाठीनं गेला होता. घास अडकतो म्हटलं की ती धास्तावायची, म्हणून तुम्ही तिला स्वतःचं काही सांगितलं नाहीत, हे मला आज कळतं. तेव्हा मी फक्त तिला ज्येष्ठमध कुटताना पाहत होतो.

मग ती रोज पहाटे उठून काढा आटवायला लागली. काचेच्या बाटलीत काढा आणि डब्यात तूप घातलेला मऊ भात, असं बांधून तुमच्या हातात द्यायची. आधी तिला कोडं पडलं होतं की चाचांच्या घरी बायका नाहीत का. पण दुखणेकऱ्याला नाही म्हणायचं तिच्या रक्तात नव्हतं. तुम्ही परत आलात की दारातच विचारायची, "आज पाव्हण्यांनी किती खाल्लं?" तुम्ही म्हणायचात, निम्मा डबा. ती हळहळायची आणि दुसऱ्या दिवशी भात आणखी मऊ करायची. घरी तुम्ही ताटावर बसून नुसतं वरण ओरपायचात. उन्हाचं जेवण जात नाही म्हणायचात. शर्ट अंगावर लोंबायला लागला, तेव्हा आई तुम्हालाच रागावली, "दुसऱ्याच्या पाव्हण्याची एवढी काळजी करता, जरा स्वतःकडं बघा की." तुम्ही हसलात. तुमच्या त्या हसण्याचा मला अजून राग येतो, दादा.

पावसाळा लागायच्या आधी तुम्ही बाकावरच गेलात. हृदय थांबलं, अशक्तपणा फार होता, एवढंच डॉक्टर म्हणाले. दिवस झाल्यावर चाचा आपल्या घरी आले. हातात धुऊन पुसलेली बाटली आणि डबा होता. आई भिंतीला टेकून बसलेली. तिनं डबा घेतला, मांडीवर ठेवला आणि विचारलं, "भाईजान, तुमच्या पाव्हण्यांचं कसं आहे आता? ह्या गडबडीत त्यांचा काढा राहिला बघा." चाचांनी तिच्या मांडीवरच्या डब्याकडं बघितलं. मग म्हणाले, "अच्छे हो गए भाभी. खाना खाने लगे. गाँव कू चले गए." आईनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "चला. एक तरी बरं झालं." चाचांना फाटकापर्यंत सोडायला मी गेलो, तेव्हा ते माझा दंड धरून म्हणाले, "बेटा, मेहमान दुसरा कोई नै था. तुम्हारे अब्बाच थे. हम सब कू मालूम था. हम हँसते रहे." आणि ते फाटकाला धरून रडले.

मी आईला हे कधी सांगितलं नाही. सांगून तिचा बरा झालेला तो एकच माणूस मला मारायचा नव्हता. पुढं ती म्हातारी झाली, तिचेही गुडघे गेले, आणि गल्लीत कुणाचं पोट बिघडलं की मोठ्या विश्वासानं सांगायची, माझ्या काढ्यानं एक पाव्हणे बरे होऊन गावाला गेले. बायकांनी तो आपापल्या नवऱ्यांना दिला, नवऱ्यांनी बाकावर नेला. बाकावरची माणसं बदलली. चाचा गेले, काका गेले, आता माझ्यासारखी पिकली पानं तिथं बसतात. पाव्हण्याचा नियम मात्र राहिला. परवा एक जण सांगत होता, डॉक्टरनं पाव्हण्याला चहा सोडायला सांगितलं, तर पाव्हण्यानं डॉक्टरच सोडला. हसलो सगळे.

तर आज मी सांगितलं की आमच्या एका पाव्हण्याला घास उतरत नाही. जकात नाके आता राहिले नाहीत, म्हणून मी विमानतळावरची तपासणी घातली. पट्टा काढा, चपला काढा, पोळीचे हात वर करा. खूप हसले. मला वाटलं तुम्हीच बोलताय. आणि मग तो कंपनीवाला तुमच्याच काढ्याचं सांगायला लागला.

मी डॉक्टरकडं जाऊन आलोय, दादा. तुमच्यापेक्षा तेवढा एक शहाणपणा केला. गळ्यातून दुर्बीण घालून बघायचंय, उद्या सकाळी. घरचं कुणीतरी बरोबर पाहिजे, सही लागते, असं बजावून सांगितलंय. तुमची सून गेल्यापासून घरात मी आणि मुलगी, दोघंच. स्वतःच्या आईला गमावलं तेव्हा ही पोरगी महिनाभर माझ्याशीसुद्धा बोलली नव्हती. तिला काय सांगू? दुपारभर शब्द जुळवत बसलो. मला मरणाची भीती वाटते, हे एवढं साधं वाक्य तिच्यासमोर उच्चारता येत नाही. तिचा चेहरा पडलेला मला बघवणार नाही.

हे लिहून झालं की कपाटात ठेवून देईन. तुम्हाला पाठवायची सोय असती, तरी पाठवलं नसतं, कारण पुढचं वाचून तुम्ही पुन्हा तसेच हसला असता. संध्याकाळी ती कामावरून आली, तेव्हा मी म्हणालो, "एका पाव्हण्यांना दवाखान्यात न्यायचंय, उद्या सुट्टी काढशील का?" तिनं कोण, कुठले, काही विचारलं नाही. फोन करून सुट्टी मागितली आणि म्हणाली, "बाबा, त्यांना कुठून घ्यायचंय?" मी म्हणालो, रिक्षात बसल्यावर सांगतो. उद्या रिक्षा निघेल, तिसरं कुणी बसणार नाही, तेव्हा तिला कळेल.