मागच्या बाजूचा दांडा

प्रिय मास्तरीणबाई,

आधी या नव्या खुर्चीत बस, मग वाच. तुझी उभ्याने वाचायची सवय मला माहीत आहे. स्टाफरूममध्येही तू तशीच वाचायचीस, कारण तिथल्या एकाही खुर्चीवर तुझा भरवसा नव्हता. त्या दुरुस्त करायला मी आलो तेव्हा म्हणाली होतीस, "खुर्चीवाले, या खुर्च्या कुरकुरतात ते समजू शकते. तुम्ही का कुरकुरता?" तेव्हापासून मी खुर्चीवाला आणि तू मास्तरीणबाई.

बसलीस? पाय पूर्ण टेकतात ना? बैठकीला तुझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलाची उंची घेतली आहे, कारण त्यावरून तू हात न टेकता उठतेस. या दुसऱ्या ऑपरेशनात पोटाचा भाग काढून छातीला लावणार, म्हणजे ना हातांवर भार द्यायचा, ना पोटाला ताण. पाठ अर्धी कललेली, गुडघे उचललेले, असं काही आठवडे झोपायचं. हे सगळं मी डॉक्टरांच्या पुस्तिकेत वाचलं. ती तू टेबलावर विसरून गेलीस. विसरलीस की ठेवून गेलीस, हे विचारत नाही.

मला हे काम कुणी शिकवलं नाही. जुन्या खुर्च्या उसवून शिकलो, आणि या गावात माझ्यासारखी शिवण कुणाची नाही हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. पण आजारी माणसाची खुर्ची कधी उसवली नव्हती. बैठकीचा फोम दोनदा बदलला. खुर्चीच्या दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला खिसे शिवले. जखमेतलं पाणी ज्या बाटल्यांत उतरतं त्या यात राहतील, कपड्यांना लोंबकळणार नाहीत. पाठ मागे नेणारा दांडा उजव्या हाताशी बसवला आणि मोठ्या ऐटीत तुझ्या फिजिओथेरपिस्ट बाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "दांडा ओढणार कोण? त्यांना काहीही ओढायचं नाहीये." मग त्याच म्हणाल्या, मोटर बसवा, बटण दाबलं की झालं. मोटर आणली, बसवली, चालवून पाहिली. गुळगुळीत चालली. आणि मग काढून ठेवली.

घर बरं आहे. वरच्या फळ्यांवरचं सगळं कमरेच्या उंचीवर आणून ठेवलं, म्हणजे पुढे तू आलीस की हात वर करावा लागणार नाही. आता मला काही सापडत नाही. परवा साखरेसाठी अख्खं स्वयंपाकघर पालथं घातलं आणि शेवटी बिनसाखरेचा चहा प्यायलो. तुझी उशी मात्र हलवलेली नाही.

तुझ्या ताईंनी त्यांच्या घरी ऑपरेशननंतरचं सगळं चोख आखलंय. सकाळी अंग पुसायला बाई, बाटल्या रिकाम्या करायला शेजारची नर्स, जेवणखाण त्या स्वतः. माझ्या वाट्याला काय, असं विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही फोन करत जा." करतो. दरवेळी तू झोपलेली असतेस. दुपारी तुझा डोळा कधी लागत नाही, हे ताईंना ठाऊक नसेल, मला आहे.

पहिल्या ऑपरेशनात स्तन काढला, तेव्हापासून तू कपडे बदलताना कडी लावू लागलीस. आपल्या खोलीची कडी इतकी वर्षं न वापरता गंजली होती. तू तिला तेल घातलंस. मी ते पाहिलं. आता म्हणतेस, सगळं भरून आलं की मगच घरी येईन. ताईंचं घर तळमजल्यावर, हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर. कारणं पक्की आहेत, मी ठोकून पाहिली. पण त्यांच्या आत ती कडी आहेच.

एव्हाना तू दांडा शोधत असशील. उजवीकडे नाही, डावीकडेही नाही. तो मागे आहे, पाठीच्या वरच्या कडेला. तिथे उभ्या माणसाला तुझा भांग दिसतो आणि खांदे दिसतात. पुढचं काही दिसत नाही. शेजारच्या काकूंना बसवून मी खात्री करून घेतली, तर त्या तिथेच घोरू लागल्या. मला तुझ्या मागे उभं राहायचंय, मास्तरीणबाई. तू म्हणशील तेव्हा पाठ खाली, म्हणशील तेव्हा वर. रात्री पाणी हवं असेल तर तेही मागूनच देईन. तुला दाखवायचं नाही ते मी मागणार नाही. तू असलेल्या खोलीत मला असायचंय, इतकंच.

टेम्पो मीच चालवत आणलाय आणि मी बाहेर त्यातच बसलोय. मोटर शेजारच्या सीटवर आहे. मी नको असेन तर ताईंकडून निरोप धाड. तू आतल्या खोलीत थांब, मी मोटर बसवून निघून जाईन. सोमवारी, तुला ऑपरेशनला नेतील तेव्हा, ताईंना फोन करेन. पण मागे टेकावंसं वाटलं, तर एक हाक मार. टेम्पोची काच मी खाली करून ठेवली आहे.

तुझाच,
खुर्चीवाला