लुक्काच्या तटावर तुमच्या चालीने

बाबा,
सप्रेम जय भीम.

मी वेळेवर जेवते, काळजी नको. काल सुटी होती म्हणून इटलीतलं लुक्का हे जुनं शहर पाहिलं. त्याच्याभोवतीचा किल्ल्यासारखा तट रस्त्याएवढा रुंद आहे, वर झाडांची सावली आहे. तुमच्या वयाची माणसं तिथे नुसती फिरतात, त्यांना कोणी काही विचारत नाही. मी पूर्ण फेरी तुमच्या चालीने, हळू मारली.

आईचा गुडघा कसा आहे?

आपला सुरज फोनवर म्हणाला, हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही अंगणाबाहेर जात नाही, कारण किन्हवलीच्या रस्त्याला लोक विचारतात, “काय शेठ, आज काम नाय का?”

डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. हातात कोयता घेऊन निघा, शेतावर चाललात असं वाटेल. तो चालवू मात्र नका, एवढं माझ्यासाठी.

तुमची
हर्षाली