रंभाबाईने घेतलेले नाव

सिंधीपुरा, बुऱ्हाणपूर
माघ वद्य पंचमी, सन १९१२

तीर्थरूप प्रभाकरमामांच्या चरणी भाचा दिगंबर याचे दंडवत. मामींचा गुडघा कसा आहे? खंडव्यात तुमच्या वकिलीला पक्षकारांची वाण नसेलच. मला इथल्या कचेरीत लागून सात महिने झाले. ताप्तीचे पाणी मानवले, प्रकृती खणखणीत, फक्त झोप उडाली आहे. कारण सांगतो, पण हसू नका. (हसाल. मीही आधी हसलोच.)

इच्छापुरची रंभाबाई नावाची एक विधवा. नवरा गेल्यावर तिच्या कपाशीच्या शेतावर धाकटा दीर कौतिक याने दावा लावला. आमच्या कचेरीचा सगळा कारभार हिंदुस्तानीत, साहेब पार लखनौकडचे, आणि बाई बोलणार खानदेशी. म्हणून मध्ये दुभाषा. हा दुभाषा म्हणजे नाशकाकडचा एक दीडशहाणा. चार उर्दू शब्द पाठ झाले की स्वतःला नवाब समजणारा. साहेबांनी विचारले, जमीन कशी मिळाली? बाई म्हणाली, मालकानं. कोण मालक? बाईने आभाळाकडे बोट दाखवले. दुभाष्याने सांगितले, ईश्वर. साहेब उखडले, ईश्वराला समन्स काढता येत नाही म्हणाले. बाई म्हणाली, कौतिकचा भाऊ. मग त्याला काही नाव असेल की नाही! आता बायामाणसे नवऱ्याचे नाव घेत नाहीत, हे दुभाष्याने सांगायला हवे होते, पण तो पान चघळत होता. (सुपारी चिकणी होती.) अर्धा तास हुज्जत चालली. शेवटी शेत जाते म्हणून बिचारीने जन्मात पहिल्यांदा, डोळे गच्च मिटून, भर कचेरीत नाव घेतले: दगानं!

दुभाषा ताडकन म्हणाला, "हुजूर, कहती है, दगा से मिली." झाले! लबाडीने मिळवल्याचे बाई स्वतःच्या तोंडाने कबूल करते आहे, असे साहेब म्हणाले. तसे लिहिले गेले, खाली बाईचा अंगठा घेतला आणि शेत कौतिकचे झाले. कचेरी पोट धरधरून हसली.

दुसऱ्या दिवशी दूधवाली मालूबाई माप घालता घालता म्हणाली, इकडे लेकरे जगत नसली की मुद्दाम दगा, कडू अशी नावे ठेवतात, म्हणजे काळ ढुंकून बघत नाही. रंभाबाईच्या सासूने चार लेकरे पुरल्यावर पाचव्याचे नाव दगा ठेवले. ऐकता ऐकता माझे भांडे कलंडले. मामा, जे नाव तिने आयुष्यभर ओठावर येऊ दिले नाही, ते सरकारदप्तरात तिची लबाडी म्हणून बसले. लाज वाटते हो. बाई खरेच बोलत होती. ते समजून घ्यायची गरज कोणाला वाटली नाही, इतकेच.

बाकी क्षेम. मामींना नमस्कार.

आपला
दिगंबर

ता.क. अपिलाची मुदत शुक्रवारी संपते. बाईला घेऊन बुधवारी येतो. वकीलपत्र तुम्ही घ्या आणि साक्षीदार मला करा.

आणखी ता.क. तो दीडशहाणा दुभाषा मीच. नोकरी जाईल. आईला इतक्यात कळवू नका.

शेवटचा ता.क. अंगठ्याआधी ती मला म्हणाली होती, "भाऊ, काय लिखं ते मन्हा बोलीमा वाची दखाड ना." मी म्हटले, साहेबांची जेवणाची वेळ झाली, अंगठा लाव. हे साक्षीत मी आपणहून सांगायचो नाही, भित्रा आहे. मला पहिला प्रश्न हाच विचारा.