छत्तीस पौंड की शेहेचाळीस

जबलपूर,
१२ जानेवारी

श्री. विष्णुपंत यांस,

जगन्नाथचा सप्रेम नमस्कार.

तुमचे गुडघे, वसुधावहिनींचा रक्तदाब आणि तुमच्या गच्चीवरचं लिंबाचं झाड, तिघांची खुशाली विचारतो. उत्तर मला आधीच माहीत आहे, कारण वहिनी ती मेघनाला फोनवर सांगतात आणि मेघना पुण्याहून मला कळवते. पण विचारल्याशिवाय माझं पत्र पुढे सरकत नाही. इकडे मी ठीक आहे. (पाठ, डावा खांदा आणि स्वयंपाक या ‘ठीक’मध्ये धरलेले नाहीत.)

पत्र काहून, फोन काहून नाही, असं तुम्ही म्हणाल. टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं मी लोकांच्या लाइनी जोडून दिल्या, पण स्वतः लाइनवर आलो की ‘हो’, ‘बरं’ आणि ‘ठेवतो’ यापलीकडे शब्द सापडत नाहीत. आपण मागे बोललो तेव्हा चार मिनिटांतली तीन मिनिटं दोघंही गप्प होतो. चौथ्या मिनिटात तुम्ही म्हणालात, ज्या घरी कुमुद दार उघडायला येणार नाही तिथे मला बोलावू नका. मी ‘बरं’ म्हणून ठेवला. तिला जाऊन आता चौदा महिने झाले आणि तेव्हापासून तुम्ही जबलपूरला आला नाहीत. तुमची बहीण होती, तेव्हा मी त्यावर काही बोलत नाही. हे पत्र त्याबद्दल नाही. मला तुमचा सल्ला पाहिजे आणि तो नावेबद्दल पाहिजे. पुढचा शब्द वाचून कागद फाडू नका. मोटर.

तुमचं मत मला माहीत आहे. मोटरची नाव म्हणजे पाण्यावरची ऑटोरिक्षा, हे तुम्ही माझ्याच लग्नात माझ्याच वडिलांना सुनावलं होतं. तुमच्या वडिलांची नोकरी पाटबंधारे खात्यात, क्वार्टर तलावाच्या काठावर, आणि कुमुदला वल्हं मारायला तुम्ही शिकवलंत. (तिच्या सांगण्याप्रमाणे त्या शिकवण्यात तीन भाग ओरडणं होतं आणि एक भाग वल्हं.) आमच्या कॉलनीत सगळे अजून समजतात की बरगी धरणाच्या पाण्यावर आमची नाव मी चालवायचो. खरं काय ते तुम्हाला आणि गुणवंतला ठाऊक आहे. मी पुढे गळ टाकून बसायचो, ती मागे वल्हं घेऊन. एकतीस वर्षं. सुरुवातीला तिने एकदा मला शिकवून पाहिलं. त्या दिवशी पाण्यात बुडालेल्या एकाच खुंटावर आम्ही सहा वेळा जाऊन धडकलो. सातव्यांदा तिने वल्हं काढून घेतलं आणि तो विषय आमच्या संसारात परत निघाला नाही.

कुमुद गेल्यापासून नाव काठावर पालथी पडून आहे. गुणवंत, म्हणजे तो कोळी ज्याच्या अंगणाशेजारी आम्ही ती ठेवतो, त्याने दिवाळीनंतर मला गाठून सांगितलं, “बाबूजी, लकड़ी को पानी नहीं मिला तो जोड़ खुल जाएँगे. होली तक उतार लो. नहीं तो मुझे दे दो, मैं किवाड़ बनवा लूँगा.” कुमुदच्या नावेचा दरवाजा झालेला मला बघवणार नाही. नाव होळीच्या आत पाण्यात जायला पाहिजे, आणि एकदा गेली की जात राहिली पाहिजे. वल्हं मला येत नाही, खांद्यामुळे आता येणारही नाही. म्हणून मोटर. ही धुराची नाही, बॅटरीची. ट्रोलिंग मोटर म्हणतात. नावेच्या मागच्या फळीला पकडीने अडकवायची, खाली दांडीच्या टोकाला छोटा पंखा असतो, तो पाण्यात फिरतो आणि नाव माणसाच्या चालीने जाते.

पहिल्यांदा मी बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात गेलो. तिथे सगळं मिळतं असं कुमुद म्हणायची, आणि तिला मिळायचंही. मी एका मोठ्या दुकानात शिरून मोटर पाहिजे म्हणालो. दुकानदार म्हणाला, “कितने एचपी की, अंकल जी?” मी म्हणालो, हिचा जोर पौंडात मोजतात. तो म्हणाला, “अच्छा, इम्पोर्टेड. बोरिंग कितने फीट की है?” मी म्हणालो, बोरिंग नाही. “तो कुआँ होगा. पानी कितने पे है?” मी खरं ते सांगितलं, “पानी तो ऊपर ही है.” त्याने काउंटरवरून वाकून मला नीट पाहून घेतलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “पानी ऊपर ही है, तो मोटर काहे को चाहिए?” तिथे नाव हा एक शब्द उच्चारला असता तर सगळं सुरळीत झालं असतं. पण तोवर मागे चार गिऱ्हाइकं ऐकत उभी होती, आणि चार माणसांसमोर वाक्य दुरुस्त करणं मला जमत नाही. मी कूलरचा पंप घेऊन घरी आलो. (ऐन थंडीत.)

मग मेघनाला सांगितलं. तिने अकरा रकान्यांचा तक्ता पाठवला आणि वर म्हणाली, “बाबा, मोटर नंतर. आधी लाइफ जॅकेट घ्या, नाहीतर आईला काय सांगू मी?” मग आम्ही दोघं बराच वेळ लाइफ जॅकेटच्या रंगाबद्दल बोललो. नारिंगी ठरला.

या तक्त्यातून शैलेंद्र नावाचा इसम निघाला. पूर-बचावाचं सामान पुरवणारा, आपल्या जबलपूरचाच, वयाने चाळिशीतला आणि स्वभावाने परीक्षक. तो म्हणाला, मोटर निवडणं सोपं आहे, फक्त नावेचं, सामानाचं आणि माणसांचं एकूण वजन सांगा. शंभर पौंड वजनाला दोन पौंड जोर, आणि उघड्या पाण्यावर वारा असतो म्हणून त्याच्या दुप्पट. माझं वजन एकसष्ट किलो. बॅटरीचं तीस, किरकोळ सामान पंधरा. नावेचं? एकतीस वर्षांत नावेचं वजन आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. गुणवंतला विचारलं तर म्हणाला, “चार आदमी का है.” म्हणजे उचलायला चार माणसं लागतात. शैलेंद्रला हे एकक चालेना.

शेवटी नाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवली आणि नागपूर रस्त्यावरच्या धर्मकाट्यावर नेली, जिथे ट्रक तोलतात. पाटनचा मटार घेऊन नागपूरला निघालेल्या गाड्यांची रांग होती. (त्यातला थोडा तुम्ही खाल्लाही असेल.) दीड तासाने आमचा नंबर लागला. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, “माल?” गुणवंत म्हणाला, “नाव.” तो म्हणाला, “नाव का कोड नहीं है.” आणि पावतीवर ‘मटर’ टाकून मोकळा झाला. रिकाम्या ट्रॉलीचं वजन सकाळीच केलेलं होतं, ते वजा करून नाव निघाली तीनशे नव्वद किलो. मी घाबरलो. एवढ्या जोराची मोटर घ्यायची तर घर विकावं लागलं असतं. तेवढ्यात मागच्या ट्रकचा ड्रायव्हर हॉर्नवरचा हात न काढता ओरडला, “अरे दादा, नीचे तो उतरो! तुम दोनों भी मटर हो क्या?”

नाव घसरू नये म्हणून मी आणि गुणवंत तिच्यात बसून दोन्ही बाजू धरून होतो. दोघंही उतरलो. दोनशे ऐंशी. खिडकीतला माणूस आता पहिल्यांदा मान वर करून हसला आणि म्हणाला, दुसऱ्या तोलाचे पैसे राहू द्या, बाबूजी, दिवस चांगला गेला. चौदा महिन्यांत माझ्यामुळे कोणाचा दिवस चांगला गेल्याचं माझ्या कानावर आलं नव्हतं. पावती मी जपून ठेवली आहे.

मागच्या रविवारी शैलेंद्र स्वतःकडची छत्तीस पौंडांची मोटर दाखवायला घेऊन आला. नाव पाण्यात उतरवली. जोड दोन ठिकाणी पाझरले, गुणवंतने ते भरले. मोटर मागे लागते म्हणून मला मागे बसावं लागलं, म्हणजे कुमुदच्या जागी. बॅटरीही मागेच. पुढची फळी रिकामी. मी कळ फिरवली आणि नावेचं तोंड असं वर उठलं की मला समोर फक्त लाकूड आणि आभाळ दिसायला लागलं. थोडा वारा आला, त्याने ते वर उठलेलं तोंड डावीकडे ढकललं, मी दांडा उजवीकडे वळवला (तो उलटा वळवायचा असतो), आणि नाव जागच्या जागी गोल फिरू लागली. दोन फेऱ्या झाल्या, तिसरी झाली. गुणवंत काठावरून हात जोडून म्हणाला, “बाबूजी, परिक्रमा पूरी हो गई हो तो किनारे आ जाओ.”

शैलेंद्रचा निकाल एका वाक्याचा होता. “सर, आगे वज़न चाहिए.” मग गुणवंतला पुढे बसवलं. जन्मभर वल्हं मारलेला माणूस मोटरच्या नावेत बसल्याचं बिरादरीत कळू नये म्हणून त्याने गमछा तोंडावरून गुंडाळून घेतला आणि नव्या नवरीसारखा खाली बघत राहिला. पण नाव सरळ गेली, विष्णुपंत. सुतासारखी सरळ. आणि आवाज नाही. तुमच्या ऑटोरिक्षाच्या मताला मी बाधा आणत नाही, पण पाणकावळा बुडी मारतो तेवढाही आवाज ऐकू येत होता. बुडालेल्या झाडांपर्यंत जाऊन आम्ही परत आलो. मी मागून गुणवंतची पाठ बघत होतो. कुमुदला एकतीस वर्षं काय दिसत होतं ते मला तेव्हा कळलं. पुढे बसलेल्या माणसाची पाठ. तिने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. फक्त अधूनमधून म्हणायची, हा शर्ट आता टाका हो. मला वाटायचं, हिला बसल्याजागी हे कसं सुचतं.

पाठ दिसत असली की बोलणंही सोपं जातं असं दिसतं. मी गुणवंतशी त्या अर्ध्या तासात जेवढं बोललो तेवढं वर्षभरात कोणाशी बोललो नव्हतो. तो गमछ्यातून ‘हओ, हओ’ करत होता.

तर प्रश्न असा आहे. माझ्या एकट्याचा हिशोब चौतीस पौंडांवर येतो. म्हणजे छत्तीसची मोटर पुरते. शेहेचाळीसची महाग आहे आणि बॅटरीही लवकर संपवते. गुणवंत रोज पुढे बसणार नाही, त्याला त्याची जाळी आहेत आणि अब्रूही आहे. त्याच्या जागी वाळूचं पोतं ठेवता येईल असं शैलेंद्र म्हणतो. पोत्याशी बोलता येईल की नाही हे त्याच्या तक्त्यात नाही. छत्तीस घ्यावी की शेहेचाळीस, याबद्दल तुमचं स्पष्ट मत कळवावं. ओरडून कळवलंत तरी चालेल.

शेवटी थोरांना नमस्कार लिहायचा, पण आपल्याहून थोर कोणी उरलं नाही. लहानांना आशीर्वाद लिहायचे, तर ते मोबाइलवर अंगठा पाठवतात. तेव्हा वहिनींना नमस्कार आणि तुमच्या गुडघ्यांना ऊब मिळो.

आपला,
जगन्नाथ

ता. क. हे पत्र लिहून बारा दिवस टेबलावर पडलं होतं. (कुमुद पाकिटं कुठे ठेवायची ते सापडत नव्हतं. शिवणाच्या डब्यात होती.) दरम्यान मोटर आली. खरं सांगायचं तर वरचं पत्र लिहिलं तेव्हा ती वाटेतच होती. त्यामुळे सल्ल्याची आता गरज नाही. तरी पाठवा. नको म्हटलं तरी तुम्ही पाठवालच.

ता. क. दुसरं. आलेली मोटर शेहेचाळीसची आहे. मागणी नोंदवताना शैलेंद्रने विचारलं, “आदमी कितने, सर?” मी म्हणालो, दोन. त्याने दुसऱ्या माणसाचं वजन विचारलं. मी ब्याण्णव सांगितलं. बेरीज बेचाळीसवर गेली, म्हणून छत्तीसची बाद झाली. ब्याण्णव हा आकडा वसुधावहिनींकडून मिळाला. तुम्ही सगळ्यांना चौऱ्याऐंशी सांगता हेही त्यांनीच सांगितलं, आणि यातलं काहीही तुम्हाला कळवणार नाही असं माझ्याकडून वचन घेतलं.

ता. क. तिसरं. मी नकाशा पाहिला. नागपूरहून येताना बरगीचा फाटा तिलवाऱ्याच्या पुलाच्या आधी लागतो. म्हणजे तुम्हाला नदी ओलांडावी लागत नाही, जबलपूर लागत नाही, आमचं घर तर मुळीच लागत नाही. कोणी दार उघडण्याचा प्रश्नच नाही. फाट्यावर मी उभा राहीन. नारिंगी जॅकेट डबल एक्स्ट्रा लार्ज आणून ठेवलं आहे. घाई अजिबात नाही. मोटरची वॉरंटी वर्षभराची आहे. त्यातले नऊ दिवस गेले.